छोटा ट्रॅक्टर तास भरून मरत नाही : द्राक्षबागेतल्या या चुका टाळा

आमचा २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर २०१४ साली आला. आज मीटरवर २,३०० च्या आसपास तास आहेत. भाड्याने चालणारा मोठा ट्रॅक्टर एवढे तास तीन-चार वर्षांत भरतो. आम्ही दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले नेमके याच आकड्याला फसतो. मीटर बघायचं, "अजून २५० कुठं झालेत" म्हणायचं आणि ऑइल बदलायचं पुढं ढकलायचं. पहिली तीन वर्षं मीही तेच केलं.

सर्व्हिस बुकात तासांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते'. बागेत आधी होतं ते वर्षच. शिवाय बागेतलं काम असं, की अर्धा तास फवारणीचा ब्लोअर, पंधरा मिनिटं ट्रॉली आणि मग दोन दिवस उभा. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. जळणातून तयार झालेलं पाणी उडून जात नाही, ऑइलमध्येच मुरतं आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल धरतं. ऑइल मापायच्या काडीवर ऑइल चांगलं दिसतं, पण आत बेअरिंग खाल्लं जात असतं.

आता आमच्याकडे पोळा ठरलेला आहे. त्या दिवशी बैलाला औत नाही, ट्रॅक्टरलाही नाही. जुनं ऑइल गरम असतानाच सोडायचं, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकायचे. मग मीटरवर वर्षाचे १६० तास भरलेले असोत की २२०. पोळा सोयीचा अशासाठी, की त्यानंतर महिना-दीड महिन्यात गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू होते आणि मग ट्रॅक्टर एक दिवस बंद पडला तरी परवडत नाही.

डिझेलमधलं पाणी

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर कुठलाही द्राक्षवाला विसरणार नाही. पाऊस हटायला तयार नव्हता आणि बागेत डावणी (केवडा रोग) शिरलेली. एका पहाटे साडेचारला उघडीप मिळाली. औषध कालवलेलं, ब्लोअरची टाकी भरलेली. सेल्फ मारला. इंजिन दोनदा धडधडलं, पांढरा धूर सोडला आणि बसलं. मी घाईत सेल्फ मारत राहिलो. सहाव्या-सातव्या वेळेला नुसतं टक्-टक् वाजायला लागलं.

"सेल्फ जाळू नको बाबा, आधी हे बघ," म्हणत अण्णांनी डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीवर मोबाइलचा उजेड धरला. तळाला बोटभर पाणी, वर पिवळसर डिझेल आणि मधे स्वच्छ रेघ.

चुका दोन होत्या आणि दोन्ही माझ्या. भाद्रपदात ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता तेव्हा टाकी पाऊण रिकामी होती. अशा टाकीत रात्री हवा गार झाली की आतल्या पत्र्याला दव धरतं आणि खाली उतरतं. दुसरी चूक कॅनची. पत्रा गळत होता त्याच्याखाली डिझेलचा कॅन, झाकण अर्धवट, आणि टाकीत ओतताना तो मी तळापर्यंत उपडा केलेला. आता काम संपलं की संध्याकाळी टाकी भरून ठेवतो. कॅनच्या तळाचं अर्धा-एक लिटर टाकीत जाऊ देत नाही, ते साखळी-पिना धुवायला वापरतो.

पाणी काढलं तरी ट्रॅक्टर लगेच चालू होत नाही, कारण लाइनने हवा धरलेली असते. ती काढायला मिस्त्रीची वाट बघत बसू नका. वाटी रिकामी करून बसवा, टाकीचा कॉक उघडा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. त्यानंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू तसाच करायचा. एवढ्यानेही नाही घेतलं, तर नोझलच्या पाइपांचे नट जरा सैल करून सेल्फ मारा, पण तिथं हात किंवा तोंड जवळ नेऊ नका. तिथलं डिझेल कातडीत घुसेल एवढ्या दाबाचं असतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, आणि मधे निदान अर्धा मिनिट थांबा.

हवेच्या पाइपाला पेट्रोलचा बोळा लावायची युक्ती लोक अजून करतात, ती करू नका. छोट्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा हीटर प्लग असतात. तापलेला प्लग आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर पिस्टन फुटतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा खाली गेल्याची बातमी येते तसल्या पहाटे हीटर दहा सेकंद जास्त धरा, बस्स.

दसऱ्याची धुलाई

दसऱ्याला सगळेच ट्रॅक्टर धुतात. मीही धुतला, फवारणीच्या जास्त दाबाच्या एचटीपी पंपाला गन लावून. चिखल असा उडत होता की मजा वाटत होती. गिअर लिव्हरच्या रबरी बुटावर, मागच्या काडीवर, सीटखाली, सगळीकडे गन मारली. आठ दिवसांनी लिफ्ट थरथरत उचलायला लागली. मागच्या हाऊसिंगची (गिअर-हायड्रॉलिकच्या पेटीची) काडी ओढली तर ऑइलचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. बुटाला जुनी चीर होती, तिथून पाणी थेट गिअरबॉक्समध्ये गेलं होतं.

आमच्या मॉडेलला गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक, तिघांना मिळून एकच ऑइल आहे. ते वीस लिटरच्या आसपास बसतं. सगळं सोडून द्यावं लागलं. तिथं मी दुसरी चूक केली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, साधं हायड्रॉलिक ६८ टाका, निम्म्यात होतं." टाकलं. दोन दिवसांत ब्रेक दाबला की किंचाळायला लागले. तेलात बुडालेल्या ब्रेक प्लेटला खास ऑइल लागतं. पुस्तकात त्याला यूटीटीओ म्हणतात, त्यात प्लेट न घसरता, न कुरकुरता धरायची रसायनं असतात. साध्या ६८ मध्ये ती नसतात. पुन्हा वीस लिटर सोडलं. निम्म्यात झालेलं काम दीडपट पडलं.

एक फरक लक्षात ठेवा. मागच्या हाऊसिंगचं ऑइल दुधाळ झालं तर पाणी बहुधा बाहेरून आलेलं असतं. इंजिनच्या काडीवर दुधाळ दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत उतरत असावं, बहुधा हेड गॅसकेट गेलंय. मग मिस्त्रीकडेही चालवत नेऊ नका, ट्रॉलीवर घालून न्या.

आता धुतो साध्या पाइपाने, इंजिन गार झाल्यावर. धुऊन झालं की लगेच सगळ्या निपलांना ग्रीस, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

फोर व्हीलचा लिव्हर आणि टायर

यावर बागाईतदारांत फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. या ट्रॅक्टरांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. फोर व्हील टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकांना जखडले जातात. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त पळतील असा हिशेब कंपनीने टायरच्या मापावर बसवलेला असतो. मऊ मातीत हा फरक टायर घसरून निघून जातो. डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. शेतातून घरी येताना लिव्हर काढायला विसरलात आणि नंतर तो निघता निघत नसेल, तर पीळ बसला आहे असं समजा. लाथ मारू नका. ट्रॅक्टर मातीवर घेऊन थोडा मागं-पुढं करा, लिव्हर आपोआप सुटतो.

टायर बदलताना हाच हिशेब बिघडतो. आमच्या शेजारच्या बापूंनी मागचे टायर नवे घेतले, पुढचे गुळगुळीत होते ते तसेच ठेवले. टायरवरच्या नव्या, उंच गोट्यांनी मागचा घेर वाढला, पुढचा झिजून आधीच कमी झालेला. पुढची चाकं ओढायच्या ऐवजी फरफटायला लागली आणि एका हंगामात पुढच्या एक्सलमधून कर्र आवाज सुरू झाला. शक्यतो चारही टायर जवळपास एकाच वेळी बदला, मापात 'थोडं मोठं चालेल' करू नका.

पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना वेगळं गिअर ऑइल असतं, हेच अनेकांना माहीत नसतं. विकत घेतल्यापासून एकदाही न उघडलेले बोल्ट मी पाहिलेत. फवारणीच्या वेळी चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट माती चिकटलेली दिसली तर सील गेलंय.

मोरचूद, रेडिएटर आणि रोटाव्हेटर

मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा शाळेतला प्रयोग आठवतो? खिळ्यावर तांब्याचा लालसर थर येतो आणि लोखंड झिजतं. ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं रोज थोडं तेच होत असतं. मोरचुदात चुना नीट मिळवून केलेला बोर्डो मवाळ असतो, तरी फवारणी झाली की संध्याकाळी साधं पाणी मारून घ्या. वायरिंगचे सॉकेट आणि बॅटरीचे टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा.

काटा लालकडे सरकला की लोक थर्मोस्टॅट काढून फेकतात. आधी रेडिएटरच्या जाळ्या बघा. द्राक्षाचा पाला, गवताचं बी आणि औषधाचा थर मिळून तिथं पापड तयार होतो. इंजिनच्या बाजूने पुढं, असं हलकं पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. आत बोअरचं पाणी घालू नका, आपल्या जड पाण्याचा खडा धरतो. तयार कूलंट घ्या.

माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून जाड, कडक बोल्ट टाकणारे आमच्या गावात निदान चार जण आहेत. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो नाही तुटला तर दगड लागला की गिअरबॉक्सचा क्राऊन गिअर तुटतो. ट्रॅक्टरची फिरकी औजाराला देणारा पीटीओ शाफ्ट लांब असेल तर लिफ्ट उचलताना तो तळाला टेकून पीटीओचं बेअरिंग ठोकतो, तेव्हा नव्या औजारासोबत आलेला शाफ्ट आधी मोजून कापून घ्या. ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करा, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस टिकत नाहीत. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर त्याच दिवशी बदला. फवारणीत तोंडाला बांधलेल्या उपरण्याचं टोक सुटायला एक क्षण लागतो.

यूट्यूबवरचे अमेरिकेतले व्हिडिओ बघून डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, काळजी करणारेही भेटतात. आपल्याकडे धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम ४ चे नियम १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागले. २४ एचपीच्या मशीनला त्याचा संबंध नाही.

उभा ठेवताना, विकताना

महिनाभर उभा राहणार असेल तर क्लच पेडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा अडकवा. पावसाळी दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, आणि ती सोडवायला ट्रॅक्टर दोन भागांत तोडावा लागतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. चालू करण्याआधी एअर क्लीनर उघडा. आमच्याकडे एकदा उंदराने त्यात सुतळीचं घर केलं होतं.

जुना घ्यायला जाल तेव्हा आदल्या दिवशी सांगून जाऊ नका, इंजिन तापवून ठेवतात. सायलेन्सरला हात लावून बघा, गार पाहिजे. केबलवर चालणारा जुना मीटर इंजिन ठरावीक आरपीएमवर फिरलं तरच खरा तास मोजतो, मंद चालल्यावर कमी दाखवतो. त्यामुळं मीटरपेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलावरचं रबर जास्त सांगतं. आणि आरसी बघा. एमएच १५, म्हणजे नाशिकच्या, पासिंगची मुदत पंधरा वर्षांची, पण त्याहून जास्त वेळा अडतं ते बँकेच्या बोज्यावर. कर्ज फिटून वर्षं झालेली असतात, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आरटीओत द्यायचं राहून गेलेलं असतं. आमच्याच आरसीवर तो बोजा गेल्या वर्षापर्यंत होता.