गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप घुसणारी बक्षिसांची आमंत्रणं कशी थांबवली

'तुम्हाला आयफोन लागला' असल्या मीटिंगा कॅलेंडरमध्ये आपोआप दिसायच्या, वर भल्या पहाटे आठवणीची घंटी. वात आला होता.

मेल स्पॅममध्ये टाकली तरी कॅलेंडरातली नोंद तशीच राहिली. पासवर्ड बदलूनही उपयोग नाही. आमंत्रण पाठवायला खातं हॅक करावं लागतच नाही, नुसता ईमेल पत्ता पुरतो. आणि 'नो' दाबू नका, उत्तर गेलं की पत्ता चालू असल्याचं समोरच्याला कळतं.

चाललं ते असं, संगणकावरून: गिअरचं चिन्ह, 'सेटिंग्ज', डावीकडे 'इव्हेंट सेटिंग्ज'. तिथे 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर'पुढे 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' निवडा. मग जुनी नोंद उघडून तीन टिंबांतून 'रिपोर्ट ॲज स्पॅम'. अनोळखी पण खरं आमंत्रण मेलमध्ये 'यस' दाबलं की कॅलेंडरात येतं.