विदर्भातल्या गावाहून पहिली समुद्रकाठची सफर: दिवस कसे आखायचे

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून मी सहा वेळा स्वतःची गाडी घेऊन समुद्रकाठाने गेलोय. मुंबई, रत्नागिरी, पणजी, मंगळूर अशी शहरं जोडत जायचं आणि हुबळी, सोलापूर, तुळजापूर करत घरी यायचं, हा माझा ठरलेला रस्ता. आता नातेवाइकांत कुणी जायचं काढलं की वही घेऊन माझ्याकडे येतात. वहीत चूक नेहमी एकाच जागी असते. सगळा हिशोब किलोमीटरमध्ये मांडलेला. ‘अलिबाग ते रत्नागिरी अडीचशेच्या वर, म्हणजे पाच तास.’ हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण याच हिशोबाने माझी पहिली सफर बिघडली होती.

कधी निघायचं

संक्रांत झाली की. तूर निघालेली असते, कापसाचे शेवटचे वेचे घरचे सांभाळून घेतात, हरभरा घाट्यावर असतो. समुद्रकाठची हवाही तेव्हा सोसेल अशी असते. नाताळ ते एक जानेवारी कोकणात आणि गोव्यात जाऊ नका, खोल्यांचे भाव हाताबाहेर गेलेले असतात. पोळ्यानंतर वावरात थोडी उसंत मिळते म्हणून भादव्यात निघणारेही आहेत. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि डोंगराखालचा रस्ता भरवशाचा नसतो. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावरच दरड आली आणि माणसं गेली. आपल्याला त्याच रस्त्याने जायचं आहे.

गाडी

सर्व्हिसिंग तुम्ही करालच. मी फक्त टायरबद्दल बोलतो. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२१’ अशा अर्थाचे आकडे असतील तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गावात गाडी कमी फिरते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते पण रबर वाळतं. वाळलेला टायर दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर निभावतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, खाली काँक्रीट आहे आणि ताशी शंभरने तासन् तास पळायचं आहे, तिथे तोच टायर फुटतो. पाच वर्षांच्या वरचे असतील तर चारही बदला. दुकानदार ‘नक्षी आहे अजून’ म्हणाला तरी बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, समृद्धीवर चालत नाही. खात्यात वेगळे पैसे ठेवा.

दिवस आखणे

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वेळी मी घरी बसून अलिबाग ते रत्नागिरी एक दिवस धरला होता. आमच्याकडे अडीचशे किलोमीटर म्हणजे सकाळी जेवून निघायचं आणि दुपारच्या चहाला पोहोचायचं. सागरी महामार्गाने गेलो. संध्याकाळ उतरली तेव्हा आम्ही दाभोळच्या जेटीवर होतो आणि शेवटची फेरी सुटून गेली होती. पलीकडच्या काठावरचे दिवे दिसत होते. एका घराच्या ओसरीत कुणीतरी कंदिलासारखा पिवळा दिवा लावला होता, तोसुद्धा दिसत होता. मोबाइलचा नकाशा पाण्यावरून तुटक रेघ काढून गुहागर जवळच असल्याचं सांगत होता. गाडीने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा, तोही रात्री, घाटातून. मागे आई आणि दोन लहान मुलं. एका माणसाने घरातली खोली दिली म्हणून रात्र निघाली. पण रत्नागिरीची खोली, पुढचं पणजीचं बुकिंग, सगळं एकेक दिवस सरकलं आणि पैसे बुडाले.

म्हणून आधी हे समजून घ्या की कोकणातला रस्ता खाड्यांनी कापलेला आहे. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की नद्या थोडंसं अंतर धावतात आणि रुंद खाडी होऊन समुद्राला मिळतात. अलिबागहून रत्नागिरीला काठाकाठाने जाताना गाडी चार वेळा बोटीत चढवावी लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. पाण्यावरचा वेळ थोडाच असतो. वेळ जातो तो रांगेत, आणि शनिवार-रविवारी तर फारच. नकाशा ही रांग धरत नाही. शेवटची फेरी गेली आहे, हेही त्याला कळतंच असं नाही.

सहा फेऱ्यांनंतर मी वहीत उतरवलेला हिशोब असा आहे. समृद्धीवर चहा-लघवीचे थांबे धरून ताशी ८० किलोमीटर. कोकणातल्या मुंबई-गोवा महामार्गावर ४०. सागरी महामार्गावर २५, आणि प्रत्येक बोटीचा एक तास वेगळा. कारवारपासून मंगळूरपर्यंत ५५. हे आकडे तुम्हाला कमी वाटतील. वाटू द्या, पण वाढवू नका. लहान मुलाला उलटी झाली, अरुंद गल्लीत समोरून एसटी आली, कुणाला शहाळं प्यायचं झालं, या सगळ्याला त्यातच जागा आहे.

याच हिशोबाने मुरूड ते दापोली शंभर किलोमीटरच्या आसपास असलं तरी चार तास आणि दोन बोटींचे दोन, म्हणजे सहा तास. हा पूर्ण दिवस झाला. दापोली ते रत्नागिरी सव्वाशेच्या जवळ, पुन्हा दोन बोटी, म्हणजे सात तास. हाही पूर्ण दिवस. दिवसातली शेवटची बोट दुपारी चारच्या आत ओलांडायची, हा माझा नियम आहे आणि तो मी एकदाही मोडत नाही. आदल्या रात्री ज्या घरी उतराल त्यांनाच विचारा, उद्या बोट चालू आहे ना, शेवटची किती वाजता. फार मोठी ओहोटी असली की बोट कधीकधी थांबवतात, हे त्यांना माहीत असतं.

रत्नागिरीच्या पुढे दक्षिणेला खाड्यांवर पूल आहेत, तिथे ही चिंता संपते.

भरती-ओहोटी आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर

आमच्याकडच्या माणसाला भरती म्हणजे पोलीस भरती. समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे मला चाळिशीत कळलं. अलिबागच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने जो हिशोब शिकवला तो कुणालाही जमेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी निघते: सकाळी नऊ, रात्री नऊ. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण पक्ष, पद्धत तीच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी फार वर चढतं आणि फार मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी बेताचं हलतं.

हे का शिकायचं? अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला चहूबाजूंनी पाण्यात असतो. मुंबईत हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राच्या अगदी कडेने आहे. भरतीच्या वेळी तिथे लाट माणसाला ओढून नेते आणि तिथे जीव गेलेले आहेत. देवाचं दर्शन कधीही घ्या, प्रदक्षिणा फक्त ओहोटीला. पुजारी किंवा रखवालदार ‘आता नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. सकाळी कडक दिसणारी वाळू दुपारी भुसभुशीत होते. चाक रुतलं की आपण वावरात करतो तसं रेस देऊन काढायला जातो आणि चाक आणखी खोल जातं. वावरात ट्रॅक्टर येईपर्यंत वाट बघता येते. समुद्र वाट बघत नाही, पाणी सहा तासांत बोनेटपर्यंत येतं. पोलीस गुन्हा दाखल करतात तो वेगळाच.

मोठ्या शहरांत शिरणं

शहरात शिरायची वेळ दुपारी बारा ते चार. हे सगळ्या शहरांना लागू.

मुंबईसाठी मी गावाहून पहाटे चारला निघतो, कारंज्याला समृद्धीवर चढतो आणि दुपारी साडेबारा-एकला भिवंडीजवळच्या आमण्याला उतरतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, त्यामुळे नाशिकजवळ उतरून कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगायची वेळ आता येत नाही. झोप मात्र याच रस्त्यावर येते. वळण नाही, गाव नाही, बैलगाडी नाही, डोळे उघडे असूनही माणूस झोपतो. दर दीड तासाने थांबा आणि चालक बदला. गाडी चालवणारे दोघं नसतील तर ही सफर काढूच नका, एवढं ठाम मी दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही.

आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी लागते. तिथून सरळ पनवेल किंवा नेरुळला जा, मुक्काम तिथेच करा. पार्किंग असलेली खोली घ्या आणि मुंबई हार्बर लोकलने बघा, सकाळी अकरा वाजल्यानंतर चढून. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर कारला टोल नाही, म्हणून काहीजण गाडी थेट गेटवेपर्यंत नेतात. टोल वाचतो, पण दिवस पार्किंग शोधण्यात जातो आणि मुलं मागे रडतात.

पणजीत मांडवीच्या काठाने पायीच फिरा. पेट्रोल गोव्यात आपल्यापेक्षा स्वस्त असतं, टाकी तिथे भरा. मंगळुरात हिंदीवर काम भागतं, कोकणी बोलणारेही पुष्कळ, आणि आपली मराठी सावकाश बोललं तर बऱ्याच जणांना कळते.

आखणी

पहिल्या दिवशी पनवेल. दुसरा मुंबई. तिसऱ्या दिवशी अलिबाग करून मुरूडला मुक्काम. चौथा दापोली, पाचवा रत्नागिरी, सहावा तिथेच विसावा आणि कपडे धुणं. सातव्याला महामार्गाने पणजी, आठवा पणजीत. नवव्याला मंगळूरच्या रस्त्यावर मुरुडेश्वरला थांबा, दहाव्याला मंगळूर. वाटेत मरवंते लागतं, तिथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. गाडी पुढे नीट बाजूला लावून चालत मागे या, रस्त्यावर मध्येच थांबू नका. अकराव्याला परत वर अंकोल्यापर्यंत येऊन यल्लापूरवरून हुबळी, बाराव्याला विजयपूर, सोलापूर करून तुळजापूर, तेराव्याला लातूर, नांदेड, उमरखेड, आर्णी आणि घर. चौदावा दिवस रिकामा ठेवा आणि तो कुणाला सांगू नका, नाहीतर घरचे त्यात आधीच काहीतरी भरतात.

चौदा दिवस नसतील तर मंगळूर सोडा, पणजीहून कोल्हापूर-सोलापूरमार्गे या. कोकणातले दिवस कापू नका.

अंकोल्यानंतरचा अरबैल घाट आपण चढतो, पण कुठलाही घाट उतरणं आमच्याकडच्या चालकांना जड जातं, कारण सपाटीवर ब्रेकवर पाय ठेवायची सवय असते. घाट ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरायचा. ब्रेक तापून जळका वास आला तर लगेच बाजूला थांबा आणि अर्धा तास थांबूनच राहा. चाकावर पाणी ओतू नका.

जेवणात उकडा तांदूळ लागेल. घरून ज्वारीचं पीठ, तिखट आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन चला. कोकणातल्या घरगुती खाणावळीत पीठ दिलं की भाकरी थापून मिळते, आईचं मागणं तेवढंच असतं.

घरी आल्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर न्या आणि मोटरच्या पाइपाने खालून धुवा. चाकांच्या आतली बाजू, सायलेन्सर, दारांच्या खालची घडी. बोटीत चढताना-उतरताना खारं पाणी उडालेलं असतं आणि वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते. पहिल्या वर्षी मी नुसती वरून धुतली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाराच्या कडेचा पत्रा नखाने निघत होता.