कामगाराच्या नकारात्मक वागण्याला सुपरवायझरने कसे हाताळावे

खानदेशात दसरा-दिवाळीच्या सुमारास जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम सुरू झाला की सुपरवायझरांची एक तक्रार हमखास कानी येते : अमका माणूस कामाला चांगला आहे, पण त्याची वृत्ती नकारात्मक आहे. माझे पहिले सांगणे असे की, हा शब्द नोंदवहीत लिहू नये. वृत्तीवर वाद होतो, वागण्यावर बोलता येते. म्हणून तारीख, पाळी आणि ‘चार जणांसमोर काम नाकारले’ एवढेच लिहावे.

नंतर त्या माणसाशी एकट्याने बोलावे. यंत्रांच्या आवाजात सर्वांदेखत हटकले, तर स्वतःचा मान राखण्यासाठी त्याला उलट उत्तर देणे भागच पडते. जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन, अहिराणी बोलणारा असेल तर ‘काय व्हयनं भाऊ?’ एवढेच विचारावे आणि तो बोलेपर्यंत आपण गप्प राहावे.

एका हंगामात आमचा जुना फिटर प्रत्येक सूचनेवर ‘काही उपयोग नाही’ म्हणू लागला आणि त्याचे ऐकून नवी पोरेही तेच बोलू लागली. मी त्याची पाळी बदलण्याच्या बेतात होतो. विचारल्यावर काही न बोलता त्याने मला एका जिनिंग यंत्राच्या बेअरिंगपाशी नेले आणि हात जवळ धरायला सांगितले; चांगलीच धग लागत होती. हे बेअरिंग बदला, असे त्याने हंगामापूर्वी दोनदा सांगितले होते आणि दोन्ही वेळा त्याला ‘बघू’ असे उत्तर मिळाले होते. जिथे रुईचे तंतू सगळीकडे साचतात, तिथे तापलेल्या बेअरिंगमुळे आग लागू शकते. मी ज्याला आडमुठेपणा समजत होतो, ती आमच्याच दुर्लक्षाची थकबाकी होती.

म्हणून ‘बघू’ म्हणू नये. तारीख द्यावी, आणि गोष्ट आपल्या हातात नसेल तर तेही त्याच दिवशी सांगावे. ओव्हरटाइमचा दुप्पट मोबदला हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे त्याचा हिशेब मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नये.

तक्रार मिटूनही सहकाऱ्यांचा अपमान चालूच राहिला, तर आधी तोंडी समज, मग लेखी ताकीद द्यावी आणि त्याचे म्हणणेही लेखी घ्यावे; मालकाच्या नातेवाइकालाही हाच नियम लावावा. सुरक्षिततेचा नियम मोडला असेल, तर मात्र काम तिथल्या तिथे थांबवावे.

पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा भेटावे. वागण्यात फरक पडला असेल, तर ज्या चार जणांसमोर त्याने काम नाकारले होते, त्यांच्यासमोरच तसे सांगावे.