जोर दिला की गिअर सुटतो? डॉग क्लच बदला

वरळी कोळीवाड्यातून निघालो, सी लिंकच्या खांबांजवळ ओहोटीची ओढ लागली, थ्रॉटल वाढवला आणि होडीच्या मशीनने टक् करून फॉरवर्ड गिअर सोडला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. भावाने वल्हं काढलं. माझी १५ एचपीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे, म्हणजे होडीच्या मागे टांगलेली मोटर. हळू चालवली तर मुकाट चालते, जोर दिला की सुटते. मी दोन दिवस गिअरची दांडीच जुळवत बसलो. तीही बघाच, पण दांडी पूर्ण बसूनसुद्धा गिअर सुटत असेल तर खालची गिअरची पेटी उघडावी लागते. आतला डॉग क्लच, म्हणजे गिअरमध्ये अडकून पंख्याचा शाफ्ट फिरवणारा तुकडा, कोपऱ्यांवर झिजला की सुटतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत हे काम काढलेलं बरं.

आधी प्लगच्या वायरी काढा. मग गिअर ऑइल भांड्यात सोडा आणि बोटांत चोळून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय, चकाकणारे कण असतील तर दात झिजलेत. पंखा काढा, शिफ्ट रॉडचा जोड सोडा, बोल्ट काढून पेटी खाली उतरवा. पंख्यामागचं बेअरिंगचं घर खाऱ्या पाण्याने हमखास चिकटलेलं असतं. पेचकस घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमची कड तुटते. बाहेरून थोडी ऊब द्या आणि पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा.

शाफ्ट बाहेर आला की डॉगभोवती तारेची बारीक स्प्रिंग दिसेल. ती उलगडा, आडवी पिन ढकला, डॉग सरकून येतो. त्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली बाजू पुढे होती ते नंतर आठवत नाही. नव्या डॉगच्या कोपऱ्यावर नख अडतं. माझ्या जुन्यावर ते साबणाच्या वडीवरून जावं तसं घसरलं.

इथे बहुतेक जण फसतात. डॉग ज्यात अडकतो त्या फॉरवर्ड गिअरचे कोपरेही बघा. मागच्या वर्षी मी पैसे वाचवायला नुसता डॉग टाकला, आठवड्यात पुन्हा टक्. गिअर काढायला बऱ्याच मशीनमध्ये पिनियनचा (उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाचा छोटा गिअर) नट सोडून उभा शाफ्ट ओढावा लागतो. त्यातले पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) जिथले तिथेच परत घाला.

जोडताना ऑइल सील, ओ-रिंग नवे. पेटी उघडलीच आहे तर पाण्याच्या पंपाचं रबरही बदला. उभ्या शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, टोकावर नको. मशीन न्यूट्रलला ठेवून रॉड जोडा. ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत. आधी वरचा बोल्ट लावा, मग खालचा.

न्यूट्रलला पंखा हाताने मोकळा फिरला पाहिजे. मग होडी धक्क्याला दोरखंडाने बांधून फॉरवर्डला जोर द्या, कारण रिकामी चालवली तर दोष दिसतच नाही. गिअर टाकताना मशीन मंद ठेवा, पण दांडी एका झटक्यात. भाऊ आवाज होऊ नये म्हणून हळूहळू सरकवायचा, कोपरे त्यानेच घासले. अजून कबूल करत नाही.

पहिल्या फेरीनंतर खालचा बोल्ट जरा सैल करून थेंबभर ऑइल बघा. पांढरं दिसलं तर सील परत काढावं लागणार.