थिबा राजवाड्याला निघायच्या आधी : बेळगावकरांसाठी तयारी

मंडळी, जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या पटांगणात शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, त्याला आपल्याकडनं गाडी निघायलीय, तर तयारीचं आत्ताच सांगून ठेवते.

पहिलं म्हणजे वार बघूनच दिवस ठरवा, सोमवारी आतलं म्युझियम बंद असतं, आणि एवढ्या लांब जाऊन नुसतं गाणं ऐकून परत यायचं नाही, वाडा उजेडातच बघायचा, त्यामुळे पहाटेच निघायचं, निपाणी, कोल्हापूर करत आंबा घाटानं खाली.

पोरांना आधी गोष्ट सांगून ठेवा. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ ला त्याचं राज्य घेतलं, दुसऱ्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, हा वाडा १९१० ला झाला आणि १९१६ ला राजा इथंच वारला, त्याची समाधीपण रत्नागिरीतच आहे, तिथंही थोडा वेळ काढूया. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच राहिली, तिचा संसार मराठी माणसातच झाला, हे ऐकलं की पोरं वाडा वेगळ्या नजरेनं बघतात.

आता महत्त्वाचं. वाडा खाडीच्या वर उंचावर, समोर समुद्र, म्हणजे खारा वारा कायम अंगावर, आणि त्यात कोकणातला पाऊस. जांभा दगड भोकाभोकाचा असतो, त्यात खारट ओल मुरते, सुकताना मीठ वर येतं, पांढरी पावडर दिसते आणि हात फिरवला तरी भुगा पडतो, म्हणून भिंतीला हात लावायचा नाही, टेकून फोटो नकोत, अर्धगोल लाकडी खिडक्यांना तर अजिबात नाही. बॅनर आपला आणायचाच नाही, खिळा किंवा चिकटपट्टी कुठंच मारायची नाही. खानापूर, चंदगडकडे ज्यांची जांभ्याची घरं आहेत त्यांनी तर भिंती नीट निरखून बघा, कारण आपल्याकडे ओल आली की लगेच सिमेंटचा गिलावा करतात, त्यानं ओल आतच कोंडते आणि दगड आतनं सुटत जातो, जुन्या भिंतीला चुनाच पाहिजे, तो ओल बाहेर सोडतो. वाडे आपल्याकडेही भराभर पडायलेत हो, जे उभे आहेत ते तरी नीट सांभाळूया. भेग दिसली तर शेजारच्या भिंतीसकट फोटो काढा, तारीख राहू दे, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवा.

बाकी सामान थोडकं. बसायला सतरंजी, रात्री उघड्यावर दव पडतं म्हणून शाल नि कानटोपी, म्हाताऱ्यांना उशी, पाण्याची स्टीलची बाटली. जेवण वाड्याच्या आवारात उघडायचं नाही, भाकरी, शेंगाचटणी, झुणका वाटेतच संपवूया, कुंदा कोणी आणणार असेल तर डब्यातनं, प्लास्टिकच्या पिशवीतनं नको, आणि कचऱ्याची एक मोठी पिशवी गाडीतच ठेवायची. कार्यक्रम चालू असताना मोबाईलचा फ्लॅश बंद, लहान पोर रडायला लागलं तर अक्का-मावशींनी आलटून पालटून बाहेर घेऊन जावं, आईलाच दरवेळी उठायला लावू नका.

आणि घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी मलकापूरलाच घ्या, घाट लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.