नागपूरच्या घरात बटरवर्ट वाढवणे आणि फुलवणे

पावसाळा लागला की घरातल्या ओल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे घिरट्या घालू लागतात. आमच्या पूर्वेकडच्या खिडकीत ती एका पसरट, फिकट हिरव्या रोपावर उतरतात आणि पुन्हा उडत नाहीत. भिंगातून पाहिले तर त्या पानावर टाचणीच्या टोकाहूनही लहान असे चिकट थेंब दाटीवाटीने उभे दिसतात. थेंब धरून ठेवणाऱ्या ग्रंथींना देठ असतात. त्यांच्या खाली पानाला चिकटून बसलेल्या बिनदेठाच्या ग्रंथी असतात आणि पाचकरस त्यांतून पाझरतो. हे रोप म्हणजे बटरवर्ट. शास्त्रीय नाव पिंग्विक्युला, आणि ते वाढवणारे लोक त्याला लाडाने 'पिंग' म्हणतात. लॅटिन भाषेत 'पिंग्विस' म्हणजे स्निग्ध. पानावरून हलके बोट फिरवले की तूप लागल्यासारखा तो स्पर्श नावाचा अर्थ लगेच पटवून देतो.

कासच्या पठारावर जांभळा गालिचा पसरणारी सीतेची आसवे आणि ही पिंग एकाच कुळातल्या आहेत, हे अनेकांना माहीत नसते. भारतात पिंग्विक्युलाची एक जातही आहे, परंतु ती हिमालयातील अल्पिना. तिला आणि युरोपातल्या व्हल्गारिस, ग्रँडिफ्लोरा या जातींना कडाक्याची, लांबलेली थंडी लागते. त्या काळात त्या घट्ट मिटलेल्या कळीसारख्या होऊन झोपी जातात. नागपुरात त्यांच्या नादी लागू नये. आपल्याला हव्यात त्या मेक्सिकोतल्या जाती आणि त्यांचे संकर. सुरुवात 'टिना' किंवा 'वेसर' या संकरांनी करावी. 'टिना' ही अग्नाटा आणि झेचेरी यांची, तर 'वेसर' मोरानेन्सिस आणि एहलर्सी यांची संतती आहे. दोन्ही सोशिक आहेत. उष्णता सहन करण्यात अग्नाटा पुष्कळ बरी, म्हणून तिचे रक्त असलेली 'टिना' मी नवख्या माणसाला आधी सुचवतो. एसेरियाना आणि गिप्सिकोला या सुंदर जाती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवाव्यात.

मेक्सिकोतल्या पिंगचे वर्ष दोन भागांत वाटलेले असते. पावसाच्या महिन्यांत तिला मोठी, रुंद, चिकट पाने येतात आणि ती किडे पकडते. कोरड्या हिवाळ्यात तीच वनस्पती लहान, जाड, मांसल आणि बिनचिकट पानांचा गुच्छ होऊन बसते. जून ते सप्टेंबर पाऊस आणि त्यानंतर कोरडी थंडी, असे वर्ष तर आपल्याही वाट्याला येते. म्हणजे पिंगचे पंचांग नागपूरच्या पंचांगाशी बऱ्यापैकी जुळते. जुळत नाहीत ते फक्त एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. या जाती बहुतेक करून समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, डोंगरकपारीत वाढतात आणि तिथल्या रात्री गार असतात. आपल्याकडे मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५ अंशांवर जाते, पण रोपाला खरा त्रास न निवणाऱ्या रात्रींचा होतो. त्यामुळे नागपुरात पिंग सांभाळणे म्हणजे ते अडीच महिने पार पाडणे, आणि तिला फुलवणे म्हणजे हिवाळ्यात हात आवरणे.

कुंडीत माती किंवा शेणखत मुळीच घालू नये. आपली काळी माती तर पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजवते. दोन भाग परलाइट (ज्वालामुखी काच फुगवून केलेले हलके पांढरे कण), एक भाग व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखे फुगवलेले, ओल धरणारे खनिज) आणि एक भाग जाडसर रेती हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. रेती कन्हानच्या पात्रातली चालते, पण ती चाळून, बारीक गाळ काढून, पाणी नितळ दिसेपर्यंत आठ-दहा वेळा धुवावी. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, अनेकदा क्षार असतात, त्यामुळे मी ते टाळतो. परलाइट हाताळण्याआधी त्यावर पाणी शिंपडावे, कारण त्याची धूळ नाकातोंडात जाणे चांगले नाही. मुळे आखूड असल्याने आठ ते दहा सेंटिमीटरची प्लास्टिकची कुंडी पुरते.

पाण्याबाबत मात्र तडजोड नको. बोअरवेलचे खारे पाणी मिश्रणावर पांढरा थर चढवते आणि काही महिन्यांत पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात. घरातल्या आरओ यंत्राचे पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, मोजून पाहावे. आकडा ५० च्या आत असल्यास ते निर्धास्त वापरावे. मात्र काही यंत्रे चवीसाठी क्षार पुन्हा मिसळतात, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये. त्याहून उत्तम म्हणजे पावसाचे पाणी. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन निघाली की स्वच्छ पिंपात पाणी धरावे आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट लावावे. पाच-सहा कुंड्यांना पन्नास लिटरचे एक पिंप उन्हाळा संपेपर्यंत सहज पुरते.

पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन पिंगला मानवते, पश्चिमेचे ऊन तिला भाजून काढते. तशी खिडकी नसल्यास पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब रोपापासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर लावून रोज बारा तास चालू ठेवावी. पानांवर गुलाबी छटा आली की उजेड पुरेसा आहे असे समजावे. पाने लांबट, पोपटी आणि वर उचललेली दिसू लागली तर तो कमी पडतो आहे.

आता उन्हाळा. होळीनंतर ऊन तापू लागले की कुंड्या खिडकीतून काढून घरातल्या सर्वांत थंड खोलीत एलईडीखाली न्याव्यात. ट्यूब दिवसा बंद ठेवून रात्री लावली तर दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत भर घालत नाही. कुलरची खोली पिंगला फार आवडते, कारण तिथे गारवा आणि ओलावा दोन्ही मिळतात. पण रोप कुलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर उडणारे खाऱ्या पाण्याचे तुषार पानांवर बसतात आणि चिकट थेंब वाळून जातात. कुलरच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला जागा शोधावी. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी माठाची युक्ती वापरावी. एका मोठ्या, बिनरंगाच्या मातीच्या कुंडीत ओली रेती भरून तिच्या मधोमध एक पसरट वाटी बसवावी आणि पिंगची कुंडी त्या वाटीत ठेवावी. बाहेरच्या कुंडीला नळाचे पाणी दिले तरी चालते, कारण वाटीमुळे त्यातले क्षार आत पोहोचत नाहीत. बाष्पीभवनाने आतला भाग खोलीपेक्षा काही अंश गार राहतो, जसे माठातले पाणी राहते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत बशीत पाणी साठवून ठेवू नये. गरम आणि तुंबलेले पाणी बुंधा कुजवते. मिश्रण दमट राहील इतकेच पाणी रात्री उशिरा, कडेने द्यावे. या काळात रोप वाढले नाही तरी चिंता करू नये. ते टिकून राहिले म्हणजे पुरे.

मृगाच्या सरी आल्या, हवा ओली झाली की रोपात आठवडाभरात फरक दिसतो. मधल्या कळीतून नवी, तकतकीत, दुमडलेली पाने उलगडतात. आता बशीत अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी ठेवता येते. रोप उघड्यावर पावसात ठेवू नये, कारण जोराच्या सरींनी पानांवरचा चिकटपणा धुऊन जातो. खाण्याची काळजी चिलटे घेतातच. ती कमी पडत असतील तर मत्स्यालयातल्या माशांचे खाद्य कुटून त्याची मोहरीएवढी चिमूट दोन-तीन आठवड्यांनी एकदा एक-दोन पानांवर भुरभुरावी. जास्त घातल्यास त्यावर बुरशी येते. मुळांना खत कधीही देऊ नये. पावसाळ्यात पोटभर खाल्लेले रोपच हिवाळ्यात फुलते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुमारास रोपाच्या मध्यावर लहान, जाड पाने दिसू लागतात आणि बाहेरची मोठी पाने हळूहळू सुकतात. हीच पाणी कमी करण्याची खूण. माझे पहिले रोप मी याच वेळी गमावले. पाने सुकताहेत हे पाहून त्याला तहान लागली असे मी समजलो आणि बशी भरत राहिलो. डिसेंबरच्या एका सकाळी मधली पाने काचेसारखी अर्धपारदर्शक दिसली. बोट लावताच संपूर्ण गुच्छ बुंध्यापासून सुटून हातात आला आणि खाली फक्त तपकिरी चिखल उरला होता. तेव्हापासून मी हिवाळ्यात बशी काढून टाकतो, मिश्रण जवळजवळ कोरडे होऊ देतो आणि दहा-बारा दिवसांनी कडेने दोन-तीन चमचे पाणी देतो. मांसल पानांत पाण्याचा साठा असतोच. याच काळात कुंडी पुन्हा खिडकीत आणावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दिवसा ऊब आणि रात्री चांगलाच गारवा असतो. दिवस-रात्रीतला हा फरक, भरपूर उजेड आणि कोरडी मुळे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की फूल येते.

संक्रांतीनंतर रोज सकाळी गुच्छाच्या मध्याकडे नीट पाहावे. सुरुवातीला पानांच्या बेचक्यातून वाकडा, लालसर, लवदार आकडा वर येतो आणि त्याच्या टोकाला खाली मान घातलेली कळी असते. दोन-तीन आठवड्यांत दांडा बोटाएवढा उंच होतो, कळी मान वर करते आणि पाच पाकळ्यांचे एकच फूल उघडते. त्याच्या मागे निमुळती शेपटी असते. 'वेसर'च्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांवर गडद शिरांची जाळी दिसते. एक फूल साधारण दोन आठवडे टिकते आणि त्याच रोपातून एकामागून एक दांडे येत राहतात. फुलावर पाणी शिंपडू नये आणि कुंडीची दिशा बदलू नये, नाहीतर दांडा उजेडाकडे वळण्याच्या प्रयत्नात वेडावाकडा होतो.

रोपांची संख्या वाढवायची असेल तर हिवाळ्यातली मांसल पाने उत्तम. पान अंगठा आणि तर्जनीत धरून डावीउजवीकडे हलके डोलवावे, म्हणजे ते बुडाच्या पांढऱ्या भागासह सुटते. तो पांढरा भाग तुटला तर त्या पानातून सहसा काही उगवत नाही. अशी पाने दमट मिश्रणावर नुसती टेकवून झाकणाच्या पारदर्शक डब्यात उजेडात ठेवावीत. चार ते सहा आठवड्यांत बुडाशी मोहरीएवढी रोपे दिसतात.

बी हवे असल्यास परागण हाताने करावे लागते. फुलाच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, एक लहानसा पांढरट पडदा लोंबतो. ती कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, असते आणि तिच्या मागे परागकोश दडलेले असतात. ओलसर टूथपिक पडद्याखालून आत घालून पिवळे पराग टोकावर घ्यावेत आणि पडद्याच्या समोरच्या अंगाला पुसावेत. दोन वेगळ्या रोपांची फुले असतील तर एकाचे पराग दुसऱ्याला लावावेत. परागण साधले तर फूल गळते आणि दांड्याच्या टोकाशी गोल बोंड फुगते. ते तपकिरी होऊन तडकण्याआधी कागदात धरावे, कारण बी तंबाखूच्या भुकटीइतके बारीक असते. उन्हाळ्याच्या तोंडावर ते पेरू नये. कागदाची पुडी करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि पावसाळा स्थिरावल्यावर बी ओल्या मिश्रणावर पसरावे. त्यावर काही घालून झाकू नये, कारण त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात आणि भिंगाखाली पाहिल्यास त्या पहिल्यावहिल्या पानांवरही चिकट थेंब आलेले आढळतात.