वॉर्डात पाठवण्याआधीचा एक तास

नर्सिंगच्या सेकंड इयरची बॅच मेडिसिन वॉर्डला पोस्टिंगला निघाली की आदल्या दिवशी मी एक तास मागून घेते, म्हाताऱ्या पेशंटशी कसं वागायचं ते शिकवायला. नव्या ट्यूटर्सनी तो कसा घ्यावा, ते सांगते.

आधी खरं-खोटं. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ एर्डमन पामोर यांनी 1977 मध्ये म्हातारपणाबद्दलच्या 25 विधानांची अशी चाचणी तयार केली होती. त्याच धर्तीवर मी आपल्या वॉर्डाला लागू पडतील अशी माझी तीनच विधानं घेते. ‘वय झालं की बुद्धी चळतेच.’ ‘ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही.’ ‘म्हाताऱ्यांना नवीन काही शिकवता येत नाही.’ तिन्ही खोटी. मार्क देऊ नका. मार्क म्हटलं की मुली आपल्याला आवडेल ते लिहितात.

तापाच्या विधानावर मात्र थांबा. तिथे मी माझीच चूक सांगते. शिकत असताना एक आजी रात्रभर बरळत होत्या, चादर चिमटीत धरून ओढत होत्या. टेंपरेचर नॉर्मल. मी लिहून मोकळी झाले: ‘वयोमानामुळे गोंधळ.’ दुपारी सून डबा घेऊन आली आणि म्हणाली, “अहो सिस्टर, परवापर्यंत सासूबाई तांदूळ निवडत होत्या, दुधाचा हिशेब तोंडपाठ होता!” तपासण्या झाल्या, लघवीचं इन्फेक्शन निघालं. औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आजींनी मला माझं गाव विचारलं.

म्हणून हिस्टरी घेताना नातेवाइकांना एक प्रश्न सक्तीचा करा: “आठ दिवसांपूर्वी या कशा होत्या?” बदल दोन-तीन दिवसांतला असेल, तर डिलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला गोंधळ, समजून इनचार्ज सिस्टरना तेव्हाच सांगायचं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिनोन्‌महिने, हळूहळू वाढतो. आणि ‘गोंधळ’ लिहिण्याआधी चष्मा, कवळी, श्रवणयंत्र जागेवर आहे का ते बघायचं. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. किंचाळून उपयोग नाही, समोर बसून, आवाजाची पट्टी खाली आणून बोलायचं.

मग जोड्या लावा. एकीच्या कानात कापूस, चष्म्याला व्हॅसलीन, हातात दोन-दोन ग्लोव्हज. तिने स्ट्रिपमधून गोळी काढायची, दुसरीने नर्स व्हायचं. गेल्या खेपेला गोळी घरंगळत बाकाखाली गेली आणि ‘नर्स’ ओरडली, “ए आजी, आटप ना!” स्वतःचाच आवाज ऐकून ती गप्प झाली. अशा वेळी आपण काही बोलायचं नाही. तिचं तिला कळू द्यायचं.

हाक कशी मारायची, हे पेशंटलाच विचारायला लावा. कुणाला ‘आजी’ आवडतं, निवृत्त शिक्षिकेला ‘बाई’. अहो-जाहो मात्र सगळ्यांना.

नुसतं एवढंच केलं तर मुलींच्या मनात कीव तेवढी उरते, आणि मग त्या आजोबांना घासही भरवायला लागतात. म्हणून केस शीटवर मी एक रकाना हाताने आखून देते: ‘यांना काय जमतं?’ बहुतेक जणी पहिल्या दिवशी तो कोराच आणतात. मी परत पाठवते. मागच्या बॅचमधल्या एकीने तिसऱ्या दिवशी लिहून आणलं: ‘दाढी स्वतः करतात. आरसा फक्त धरावा लागतो.’